विचारून घेतलेली जागा

नानांचा नियम एकच होता. गाडीची चाकं थांबवण्याआधी विचारायचं. झाडाखाली थांबायचं असेल तर झाड कोणाचं ते विचारायचं, विहिरीत बादली सोडायची असेल तर विहीर कोणाची ते विचारायचं. पैसे त्यांनी कुठे दिले नाहीत आणि कोणी मागितलेही नाहीत. "भाडं दिलं की आपण गिऱ्हाईक होतो, विचारलं की पाहुणे," असं ते म्हणत.

ते एका कापडगिरणीत फोरमन होते. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यांतली एक जखमी सैनिक वाहून नेणारी गाडी त्यांनी घेतली. वर्षभर रविवार घालवून तिच्यात दोन बाजूंना झोपायच्या फळ्या बसवल्या, मागच्या दाराशी स्टोव्हची जागा केली, टपावर पाण्याची टाकी चढवली. खिडक्यांना आईनं पडदे शिवले. डब्यांवर नानांनी आपल्या ठसठशीत अक्षरात तांदूळ, डाळ, कांदे असं लिहिलं. आई त्या गाडीला बिऱ्हाड म्हणायची. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं बिऱ्हाड घेऊन निघायचो आणि पेण-माणगाव करत म्हसळ्याचा घाट उतरून समुद्राशी जायचो. बोर्ली पंचतनच्या बाजारात भाजी घ्यायची आणि दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना वळसा घालून शेवटच्या कोळीवाड्यात, करंजखोलला, मुक्काम टाकायचा. डिसेंबरात घाटावर गवत पिवळं पडलेलं असतं. इथे मात्र डोंगराच्या पायापासून वाळूपर्यंत सगळं हिरवं असायचं आणि त्या हिरव्याच्या फटीफटीतून समुद्र दिसायचा.

करंजखोलला आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. साल अठ्ठेचाळीस, मी तेरा वर्षांची. नानांनी गाडी गावाबाहेर उभी केली आणि पाटील कोण, असं विचारत गेले. मी त्यांच्यासोबत होते. अंबाजी पाटील होडीच्या सावलीत बसून जाळं दुरुस्त करत होते. नानांनी हात जोडून जागा मागितली. पाटील उठले, गाडीपाशी आले, आत डोकावले, स्टोव्ह पाहून हसले आणि मासळी सुकवायच्या खळ्याच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, तिथं लावा, वारा कमी लागेल. खळं सगळ्या गावाचं असतं, तिथली वीतभर जागाही एकट्या घराला देता येत नाही, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पाटलांनी दिली, ती गावानं दिली असं आम्ही समजलो. जमलेल्या बायकांतल्या एकीनं आईला विचारलं, गाडीतच चूल, गाडीतच बिछाना, मग गाडीला सासू कुठाय? आई त्यावर दोन दिवस हसत होती.

त्या टोकाला लागून काळूरामचं घर होतं. काळूराम तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. बायको सोनूबाई, म्हातारी आई, आणि एक मुलगी, जी पुढे लग्न होऊन मुरुडकडे गेली. सात वर्षं आम्ही त्यांच्या अंगणाशेजारी राहिलो. नानांना मित्र फारसे नव्हते. काळूराम होता.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायू झाला आणि बिऱ्हाड गॅरेजमध्ये गेलं ते गेलंच. आई अठ्ठावन्नला गेली. नाना गेल्या कार्तिकात, रविवारी सकाळी, दाढी करता करता. काका म्हणाले, अस्थी नाशिकला नेऊ. पण नानांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं: करंजखोल. काळूरामला सांगावे.

जानेवारीत मी गाडी गॅरेजमधून काढली, अस्थींचा कळश फळीला दोरीनं बांधला आणि एकटीच निघाले. गाडी चालवायला मला नानांनीच शिकवलं होतं.

करंजखोलच्या देवळापाशी चार बायका बसल्या होत्या. मी गाडी थांबवून काळूराम तांडेल घरी आहेत का, असं विचारलं. एकीनं टोपली उचलली आणि ती निघून गेली. उरलेल्या तिघी समुद्राकडे बघत राहिल्या. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. त्यातली एक मला ओळखत होती, हे तिनं मान वळवली त्यावरून मला कळलं.

मी गाडी खळ्याच्या टोकाला नेली. काळूरामच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर काटेरी झुडपं टाकलेली होती, ती वाळून करडी झाली होती. अंगणात होडी ठोकळ्यांवर उभी होती. तिच्यावर झावळ्या घातल्या होत्या, आणि झावळ्यांच्या आतून फळ्यांमधल्या भेगा दिसत होत्या. बोट आत जाईल एवढ्या भेगा. सोनूबाई दारात आली. केस पांढरे झालेले. तिनं गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि पुढे न येता म्हणाली, "मागं घे गाडी, बाय. रस्त्यावर नेऊन लाव."

मी गाडी मागे घेतली. इंजिन बंद करून काटे ओलांडत चालत परत आले.

पुढचं मला सोनूबाईनं ओटीवर बसून सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, शेजारणीचं काही सांगावं तसं. पंचावन्नच्या सुरुवातीला वादळ नसताना करंजखोलच्या दोन होड्या गेल्या. सात माणसं. गाव देवळात बसलं. कोणी म्हणालं, देवाच्या तोंडासमोर लोखंडाचं घर उभं राहतं आणि त्यात परकी माणसं झोपतात, म्हणून हे झालं. मग प्रश्न निघाला की खळ्यावर जागा दिली कोणी? अंबाजी पाटील खाली बघत बसले. गाडी काळूरामच्या दाराशी उभी राहायची, तेव्हा बोटं काळूरामकडे वळली. काळूराम म्हणाला, जागा पाटलांनी दिली, नानांनी मागून घेतली. पाटील काही बोलले नाहीत. तेव्हा गावानं ठरवलं की गाडीवाल्यालाच बोलवा, त्यानं देवळात बसून सांगावं की त्यानं कोणाला विचारलं. तोपर्यंत काळूरामचं घर वाळीत.

"वाळीत म्हंजे म्हाईत हाय ना तुला?" सोनूबाईनं विचारलं.

मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं. विस्तव नाही, पाणी नाही, बोलणं नाही. जे पुस्तकात नव्हतं ते तिनं सांगितलं. होडी वाळूवरून पाण्यात ढकलायला बारा माणसं लागतात. काळूरामला कोणी हात लावला नाही, म्हणून त्याची होडी त्या दिवसापासून जागची हलली नाही. तो खाडीत उभा राहून पाग, म्हणजे हातजाळं टाकतो, हाती येतील ते बोईट मासे सोनूबाई चार मैल चालून बोर्लीला विकते, कारण गावातल्या बायकांत तिला बसू देत नाहीत. मुरुडची मुलगी सहा वर्षांत आली नाही. दोन वर्षांमागे सासू गेली. दारं सगळी बंद होती. खांदे चार लागतात, होते दोन. शिडीवर बांधून पुढून काळूरामनं उचललं आणि मागून सोनूबाईनं. मसणवट चढावर आहे. तीन वेळा खाली ठेवावी लागली.

नानांना नेलं तेव्हा आमच्या चाळीच्या जिन्यात माणसं मावत नव्हती. मी तिला ते सांगितलं नाही.

मी विचारलं, नानांना कळवलं नाही का?

"धाडला ना कागद. बोर्लीच्या दुकानदारानं लिवून दिला. होळीच्या आधी एकदा येऊन बसा, बाकी काय नको. नाना आला न्हाय. त्याचा कागद आला." ती उठली, आतल्या पत्र्याच्या पेटीतून चौपट घडी घातलेला कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. "पाटलानं रागानं आमच्या अंगणात टाकला, तवापासून हाय. मास्तरानं देवळात वाचला व्हता, पर मना अर्धा कळलाच न्हाय. तू शिकलेली हायस. वाच."

अक्षर माझं होतं.

एकोणिसाव्या वर्षाचं, उजवीकडे झुकलेलं, वेलांट्या लांब काढलेलं माझं अक्षर. मला तो रविवार आठवला. नाना रागानं लाल झाले होते. काळूरामसारख्या माणसाला छळतात म्हणजे काय, आता कायदा आहे, एकोणपन्नास सालापासून बहिष्कार हा गुन्हा आहे, तू लिही, तुझी भाषा चांगली आहे. मी कॉलेजात होते. मी लिहिलं. सही नानांनी केली. पत्र पाटलांच्या नावानं गेलं आणि नक्कल तालुक्याच्या कचेरीत. पुढे आईच्या आजारपणात त्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. नाना एकदा म्हणाले होते, कायद्यानं काम केलं असणार, नाहीतर काळूरामनं परत कळवलं असतं.

सोनूबाई वाट बघत होती. मी मोठ्यानं वाचलं. "आपण ज्या जमावास गाव म्हणता, त्यास न्यायाचा कोणताही अधिकार नाही. अशा जमावासमोर येऊन बसणे म्हणजे न्याय या शब्दाची विटंबना होय."

"इटंबना म्हंजे काय?"

मी म्हटलं, अपमान.

"हां," ती म्हणाली. "म्हंजे आमच्यात बसला तर त्याचा अपमान व्हनार व्हता."

मी म्हटलं तसं नाही.  त्या वाक्यावर मी एक पूर्ण दुपार घालवली होती. आधी 'थट्टा' लिहिलं होतं, ते खोडून 'विटंबना' केलं होतं.

कागदापाठोपाठ श्रीवर्धनहून पोलीस आला, त्यानं सगळ्यांची नावं लिहून घेतली, पाटलांना दिवसभर उन्हात उभं केलं आणि गेला. त्यानंतर काळूराम म्हणजे गावावर पोलीस घालणारा माणूस झाला. त्याआधी काही घरं चोरून मीठ द्यायची, तीही थांबली. मी विचारलं, मग दुसरं पत्र का नाही पाठवलं? नाना धावत आले असते.

"कागदानंच झाला ना, बाय, सगळा," सोनूबाई म्हणाली.

दिवस मावळायच्या आत काळूराम खाडीवरून आला, तेव्हा मी रस्त्यावर गाडीपाशी होते. मला बघून थांबला, नानांचं विचारलं नाही. कळश गाडीच्या दारातून दिसत होता. तो खाली बसला. मग त्यानं विचारलं, जाताना त्रास झाला काय? मी नाही म्हटलं. मी त्याला म्हटलं, ते पत्र मी लिहिलं होतं.

"म्हाईत हाय. तुझ्या बापाचं अक्षर मी डब्यांवर बघितलेलं. ते येगळं."

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अक्षराचा आकार ओळखला होता, आणि सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर सोनूबाईनंच मग विषय काढला. उद्या पौर्णिमा, सकाळी गाव देवळात बसणार. नानाच्या जागी मुलीनं बसावं. गावाला काय ऐकायचंय ते काळूरामला पहिल्यापासून माहीत होतं: गाडीवाल्यानं कोणाला विचारलं नाही, तो येऊन घुसला. एवढं काळूराम बोलला असता तर सहा वर्षांपूर्वीच सुटला असता. तो बोलला नाही.

"मी कसा बोलू," काळूराम म्हणाला. "इचारलं व्हतं त्यानं."

सोनूबाईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती मला म्हणाली, "मेल्या मानसाचं काय जातंय, बाय? आमी जिती हाव."

सकाळी मी आधी पाटलांच्या घरी गेले. माझ्या मनात एक भाबडी आशा होती की मी समोर उभी राहिले तर ते खरं बोलतील. पाटील म्हातारे झाले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं आणि बसायला घोंगडी टाकली. मी म्हटलं, पाटीलकाका, त्या दिवशी तुम्ही बोट दाखवलं होतं, वारा कमी लागेल म्हणाला होता, मी तिथे होते.

ते म्हणाले, तू पोर होतीस. मग दारातून बाहेर, माणसं देवळाकडे जात होती तिकडे बघत राहिले.

"सात मानसं गेली त्यात माझा भाऊ व्हता," ते शेवटी म्हणाले. "देवळात त्याची बायको माझ्या म्होरं बसलेली. जागा मी दिली असं त्या दिवशी बोललो असतो, तर तिनं माझ्याकडं कसं बघितलं असतं? आज बोललो, तर सहा वर्सांचं काळूरामचं काय करू? म्हातारीला खांदा न्हाय दिला मी. त्याचं काय करू?"

ते रडत नव्हते. हिशेब जुळत नाही असं सांगावं तसं सांगत होते. मग म्हणाले, नानांनी विचारलं नाही एवढं बोल. बाकी मी बघतो.

मी उठून देवळाकडे निघाले. त्यांचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करून पाहिला. दोन पावलांत लक्षात आलं की मला त्यांच्यापेक्षा माझीच भीती वाटते आहे, कारण काय बोलायचं ते माझं ठरलं होतं.

देवळासमोर गाव बसलं होतं, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. काळूराम आणि सोनूबाई पार बाहेर, वडाच्या पलीकडे. मध्ये नारळ ठेवला होता. त्याच्यावर हात ठेवून तीनदा बोलायचं, म्हणजे पुढे कोणी ऐकलं नाही असं म्हणायला नको. एका म्हाताऱ्यानं शंका काढली की बापाचा दोष मुलगी कशी बोलेल, मुलगी म्हणजे दुसऱ्या घरची. तेव्हा बायकांतून एका आजीनं मला विचारलं, लगीन झालंय काय? मी नाही म्हटलं.

"मंग बापाचीच हाय," आजी म्हणाली. "बोलू द्या."

माझं लग्न न झाल्याचं ज्यांना बरं वाटलं, अशी ही पहिलीच माणसं.

मी नारळावर हात ठेवला. तो गार होता. मी म्हटलं, "माझे वडील मेले. त्यांनी ही जागा कोणाला विचारली नव्हती. गाडी आणून उभी केली. काळूरामचा यात दोष नाही. पत्र लिहून गावाचा अपमान केला, तोही आमचाच दोष."

आवाज माझाच होता, आणि कोणीतरी दुसऱ्यानं वाचून दाखवावं तसा कानावर येत होता. दुसऱ्यांदा बोलताना पाटील माझ्या हाताकडे बघत होते. तिसऱ्यांदा "विचारली नव्हती" या शब्दांपाशी येऊन मी थांबले. सगळं गाव थांबलं. कोणी घाई केली नाही. खालून लाटेचा आवाज येत होता. नाना विहिरीच्या कठड्याशी बादली हातात धरून उभे राहायचे, विहिरीचा मालक जेवण आटोपून येईपर्यंत. अर्धा अर्धा तास. आई चिडायची, पाण्यासाठी का भीक मागायची? मी आणि आई गाडीत तहानलेल्या बसायचो आणि ते उन्हात उभे असायचे.

मी म्हटलं, "विचारली नव्हती." पुढचंही बोलले.

पाटलांनी नारळ फोडला. मग ते उठून वडापलीकडे गेले, सोनूबाईच्या कळशीतून ओंजळभर पाणी घेऊन सगळ्यांदेखत प्याले. त्यांच्यामागून दुसरा, तिसरा. बायका उठल्या. मला वाटलं होतं सोनूबाई रडेल. ती कळशी वाकवत राहिली, आणि पाणी संपल्यावर एका बाईला म्हणाली, जा, भरून आण. सहा वर्षांनी तिनं कोणाला काम सांगितलं होतं. ती बाई पळत गेली.

काळूराम जागचा हलला नाही. मी त्याच्याजवळ गेले. त्यानं पाणी दिलं नव्हतं की घेतलं नव्हतं, हात मांडीवर होते.

"आता होडीत तुझा बाप माझ्या म्होरं बसनार," तो हळू म्हणाला. "त्याला मी काय सांगू?"

मी म्हटलं, मी लिहिलं होतं ते मीच पुसलं, असं सांगा.

"ते तुझं झालं. मी काय सांगू?"

  मी त्याची मुक्तता केली, आणि जे एकच खरं सहा वर्षं त्यानं हातातून सोडलं नव्हतं ते मी त्याला न विचारता सोडून दिलं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. विचारायचं राहिलं होतं. नानांच्या मुलीकडून.

खाली वाळूवर बारा-पंधरा माणसं पाटलांची होडी पाण्याकडे ढकलत होती. अस्थी न्यायच्या म्हणून भरती बघून सगळे आपणहूनच कामाला लागले होते. काळूरामची होडी इतकी सुकली होती की ती समुद्रात टिकली नसती. कोणीतरी वर तोंड करून हाक मारली, "काळूराम!" तो हलेना तेव्हा पुन्हा, लांब सूर काढून, "ए काळूराम! सुकानाला कोन बसनार?"

काळूराम माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. हाक त्याच्यावरून निघून गेली.

"अवो," सोनूबाई म्हणाली. "तुमालाच बोलवतात."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग खाली वाळूकडे. उठताना त्यानं जमिनीला हात टेकवला. मग माझ्याकडे न बघता पुढे गेला. मी कळश घेऊन त्याच्यामागून उतरले.

होडीत तो सुकाणूला बसला. मी समोरच्या फळीवर. कळश फळीवर नको, मांडीवर घे, एवढंच तो मला म्हणाला. वल्ह्यावरची माणसं त्याला वारा कुठला, किती बाहेर जायचं, असं विचारत होती, आणि तो सांगत होता, आधी हातानं, मग एकेका शब्दानं. किनारा मागे पडला तशी नारळीची रांग एक हिरवी रेघ झाली आणि रेघेच्या टोकाला रस्त्यावर उभी असलेली आमची गाडी दिसेनाशी झाली. त्यानं हात वर केला, तेव्हा वल्ही थांबली.

"हितं," तो म्हणाला. मग पुढे वाकून, इतक्या हळू की वल्ह्यावरच्यांना ऐकू जाऊ नये, कळशाला म्हणाला, "नाना, हितं सोडू काय?"

तो थांबला. नानांसारखाच, उत्तराची वाट बघत. मी कळशावरचं फडकं सोडलं नाही. होडी लाटेवर वर गेली, खाली आली. वल्ह्यावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. पुष्कळ वेळानं काळूरामनं मान हलवली, तेव्हा मी गाठ सोडली.